मोज्यांतून उसवलेले रंग

भरतकाम करणाऱ्या प्रत्येकाने रे मॅटरसनचं काम एकदा तरी पाहावंच! १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत कनेटिकटच्या तुरुंगात शिक्षा भोगत होता. मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ 'रोझ बोल' या सामन्यात खेळणार होता आणि मॅटरसनला टोपीवर त्या संघाचं चिन्ह हवं होतं. संघाचे रंग निळा आणि मक्याच्या दाण्याचा पिवळा. दुसऱ्या एका कैद्याचे नेमके त्याच रंगांच्या पट्ट्यांचे मोजे त्याला दिसले. सिगारेटच्या बदल्यात ते मिळवले, उसवले, प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाची रिंग केली, चादरीचं कापड ताणलं आणि सुई चालू झाली. लहानपणी आजीला शिवताना पाहिलं होतं, तेवढंच शिक्षण!

पुढे त्याने अशीच भरलेली चित्रं जेमतेम अडीच-पावणेतीन इंचांची, पण एका चौरस इंचात सुमारे १२०० टाके.

मला यात खिळवून ठेवतो तो रंगांचा अर्थ. निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद, असली पाठ केलेली यादी इथे चालत नाही. तुरुंगात रंग आधी मिळवावा लागतो. तो निळा-पिवळा म्हणजे भिंतीबाहेरचं आपलं माणूसपण, आपला संघ, आपलं गाव.

जेसी क्राइम्स या दुसऱ्या अमेरिकी कलाकारानेही कैदेत असताना वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांची शाई केसांच्या जेलने ३९ चादरींवर उतरवली. छापील जगाचे झळझळीत रंग त्यात फिकटले, आणि तो फिकटपणाच मला सर्वांत बोलका वाटतो.