विश्लेषण : ‘रेंट’ म्हणजे भाडे, खंड की परवाना शुल्क? करारावर सही करण्याआधी फरक का कळावा?

इंग्रजीत ‘रेंट’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. मराठीत शेतजमिनीचा खंड असतो, घराचे भाडे असते आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाही असतो. शेत कसणारा कूळ, घरात राहणारा भाडेकरू. रिक्षावाल्याचे तर प्रवासी हेच ‘भाडे’! सीबीडी बेलापूरमध्ये घर घेणाऱ्याला किंवा शोधणाऱ्याला या छटा माहीत असलेल्या बऱ्या.

मालकीच्या घराखाली भाड्याची जमीन?

नवी मुंबईत सिडकोने भूखंड विकले नाहीत, साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. वार्षिक भाडे नाममात्र. खरी रक्कम सुरुवातीलाच ‘अधिमूल्य’ म्हणून एकरकमी. म्हणूनच सदनिका ‘मालकीची’ असली तरी ती विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागत आले आहे.

मग भाड्याने राहणारा भाडेकरूच ना?

बोलण्यात हो, कागदावर बहुधा नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात त्याला जागा वापरण्याची केवळ मुभा असते आणि तो दरमहा देतो ते परवाना शुल्क. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच हस्तांतरित होतो. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधल्या परवान्यात तसा हक्क मिळत नाही. गंमत म्हणजे दोन्ही कायदे १८८२ चेच. एजंट मात्र दोन्हींना सर्रास ‘भाडेकरार’ म्हणतात.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी नको?

हा समज महागात पडू शकतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, त्यामुळे अकराचा आकडा रूढ झाला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ मुदत पाहत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

राहणाऱ्यालाही ‘परवाना’ या शब्दाची किंमत मोजावी लागते. राहत्या घराच्या परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार ताबा जाईपर्यंत शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.