गाणी प्रवासाची, जाग चालकाची

निफाडहून नागपूरला जाणाऱ्या व्यापारी कुटुंबांना आता समृद्धी महामार्ग सोयीचा झाला आहे. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा मार्ग बव्हंशी सरळ व सिग्नलविरहित. त्यामुळे चालकाला गुंगी येण्याचा धोका अधिक. साहजिकच गाण्यांची निवड ही केवळ हौसेची बाब उरत नाही. आजोबांचे नाट्यपद आणि नातवाचे चित्रपटगीत आळीपाळीने लावावे. ‘गीतरामायणा’तील ५६ गीतांना कथेचा धागा असल्याने मन गुंतून राहते. जेवणानंतर मात्र संथ, एकसुरी रचना टाळाव्यात. ताशी १२० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर बेभान धाव! झोपेचे देणे गाण्यांनी फिटत नाही. जांभया येऊ लागताच गाडी विश्रांतिस्थळी थांबवणे, हेच शहाणपणाचे.