झोपलेल्या मुलाचे दुखणे

जांघेतील हर्निया, खाली न उतरलेले वृषण, सुंता किंवा लघवीच्या वाटेतील जन्मजात दोष यांसाठी लहान मुलांवर ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांच्यावर वैद्यकाच्या दप्तरात ‘किरकोळ’ असा शेरा पडलेला असला, तरी तो शल्यविशारदाचे श्रम आणि वेळ पाहून मारलेला असतो. ज्याच्या देहावर सुरी चालते त्या दोन-तीन वर्षांच्या जिवाचे मत त्यात कोणी विचारलेले नसते. पूर्ण भूल दिलेले मूल निपचित झोपते हे खरे; परंतु ती झोप मेंदूची असते, मज्जातंतूंची नव्हे. कातडीला छेद जाताच वेदनेची वर्दी पाठीच्या कण्यापर्यंत पोचतेच, नाडी वाढते, रक्तात ताणाची द्रव्ये उसळतात, आणि गुंगी ओसरली की सारे दुखणे मुलाच्या वाट्याला एकदम येते. ही वर्दी वाटेतच अडवण्यासाठी शरीराचा तेवढाच भाग बधिर करण्याची तजवीज आज लहान मुलांच्या भूलशास्त्राचे एक मुख्य अंग बनली आहे.

कल्पना जुनीच. ऑगस्ट बीअर यांनी जर्मनीतील कील येथे १८९८ साली पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. लंडनचे टायरेल ग्रे यांनी १९०९ साली तीच रीत मुलांवर वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आणि १९३३ साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ मेरेडिथ कॅम्बेल यांनी माकडहाडाजवळून द्यावयाची ‘कॉडल’ भूल मुलांमध्ये वापरून दाखवली. तरीही मध्यंतरी अनेक दशके हा मार्ग मागे पडला. कारण पूर्ण भुलेची साधने सुधारत गेली, आणि तान्ह्या मुलाचे मज्जातंतू अपक्व असल्यामुळे त्याला खरी वेदना होतच नाही, असा समज मोठमोठ्या रुग्णालयांतही रूढ होता. ज्याला बोलता येत नाही त्याची फिर्याद दाखल कोण करून घेणार? ती साक्षीपुराव्यानिशी मांडली इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी. वेदनाशामक फेंटानिल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातील ताण कमी राहतो व गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. पुढे १९९७ साली कॅनडातील अॅना टॅडिओ यांना असे आढळले की, बधिर न करता सुंता झालेली बाळे काही महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक कळवळतात. म्हणजे देह हे लक्षात ठेवतो.

कॉडलची क्रिया पाहण्याजोगी असते. मूल झोपले की त्याला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाशी भूलतज्ज्ञाचे बोट दोन बारीक हाडांचे उंचवटे शोधते. त्यांच्यामध्ये अस्थिबंधाने झाकलेले एक छिद्र असते. सुई त्या पडद्यातून पार होते तेव्हा हाताला किंचित ‘टच्’ जाणवते. मग सिरिंज ओढून रक्त किंवा मणक्यातील पाणी येत नाही याची खात्री करायची आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून औषध सावकाश सोडायचे. हिशेब वजनाचा असतो: आर्मिटेज यांच्या १९७९ सालच्या कोष्टकाप्रमाणे सुंतेसारख्या खालच्या भागासाठी दर किलोला अर्धा मिलिलिटर, हर्नियासाठी एक. १० किलोच्या मुलाला ०.२५ टक्के बुपिवॅकेन १० मिलिलिटर दिले की ते २५ मिलिग्रॅम होते, आणि नेमकी तीच त्याची कमाल मर्यादा. येथे अंदाजाला मुभा नाही. कारण औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते, आणि म्हणूनच त्यावर उतारा असलेले स्निग्ध द्रावण शस्त्रक्रियागृहात हाताशी ठेवावे लागते. हर्नियासाठी आता सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून जांघेची नसच तेवढी बधिर करता येते, आणि मग पायही फारसे लुळे पडत नाहीत.

झोपलेल्या मुलाला सुई टोचणे धोक्याचे नाही काय, ही शंका रास्तच. अमेरिकेतील रुग्णालयांनी एकत्र ठेवलेल्या नोंदींत, २०१८ सालच्या अहवालाप्रमाणे, अशा १ लाखांहून अधिक प्रसंगांत मज्जातंतूला कायमची इजा झाल्याचे एकही उदाहरण नव्हते. उलट पूर्ण भूल बुद्धीला बाधते, ही पालकांची भीतीही २०१९ साली बरीच निवळली: सात देशांतील ७२२ अर्भकांपैकी काहींची हर्नियाची शस्त्रक्रिया जागेपणी, भाग बधिर करून, तर काहींची पूर्ण भुलेखाली झाली; पाचव्या वर्षी दोहोंच्या बुद्धीत फरक दिसला नाही. सबब, यातील एक उपाय दुसऱ्याचा वैरी नव्हे. बहुधा दोन्ही मिळूनच मुलाला आराम देतात.

राहता राहिली घरची जबाबदारी. कॉडलचा अंमल साधारण चार ते सहा तास टिकतो. तेवढ्यात पाय जड वाटतील, लघवीला उशीर होईल, म्हणून मुलाला एकटे चालू देऊ नये. हसतखेळत घरी आलेले मूल रात्री अचानक रडू लागते, ते बहुधा टाके बिघडल्यामुळे नव्हे, तर अंमल उतरला आणि घरच्यांनी ‘दुखलं तर देऊ’ म्हणून पॅरासिटॅमॉलची बाटली तशीच ठेवली, यामुळे. औषध द्यायचे ते दुखायला लागण्यापूर्वी, वजनाप्रमाणे आणि घड्याळ पाहून. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी भूलतज्ज्ञाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: भाग बधिर करणार आहात काय, आणि घरी पहिला डोस किती वाजता द्यायचा? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून सही करण्याची घाई कोणत्याही पालकाने करू नये.