नाशिकची वाइन : मळ्यातील तोडणी व ताटातील जोड

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास द्राक्षाचे पीक नवीन नाही. परंतु खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांत केवढा भेद आहे, हे पुष्कळांस मळा लावून झाल्यावरच कळते. थॉम्पसन सीडलेसचा मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा लागतो. तो फुगावा म्हणून जिबरेलिक आम्लाचा उपयोग करतात. वाइनच्या जातींचा मणी बारीक, बियांचा व जाड सालीचा असतो आणि तो तसाच हवा असतो. लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून उतरतो. मणी फुगला म्हणजे रसाच्या मानाने साल कमी पडते.

गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला वाइनरी हे या धंद्याचे जवळचे उदाहरण होय. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परत आल्यावर कुटुंबाच्या जमिनीवर ती उभारली. तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. आरंभ सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जातींपासून झाला. शिराज, झिनफँडेल वगैरे लाल जाती पुढे आल्या. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर जिल्ह्यात इतरही वाइनरी निघाल्या.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून केवळ रस घेतात व तो थंड टाक्यांत आंबवितात. लाल वाइनमध्ये रस सालीसकट आंबवितात. रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते; २२ ब्रिक्स गोडीच्या रसापासून सुमारे १२ ते १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. तथापि केवळ गोडीवर भागत नाही. गोडी चढते तसतसे आम्ल उतरते, आणि आम्ल गेलेली वाइन मिळमिळीत लागते. नाशिककडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होऊन तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे आम्ल टिकते; फेब्रुवारीनंतर ऊन वाढले की ते भराभर घटते. म्हणून पांढऱ्या जातींची तोडणी पहाटे करून माल उन्हापूर्वी वाइनरीत पोहोचवावा लागतो. ‘आणखी आठ दिवस थांबलो तर गोडी वाढेल’ हा खाण्याच्या द्राक्षाचा हिशेब येथे नुकसानीचा ठरतो.

या आम्लाचे काम जेवणाच्या ताटात दिसते. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो. सोव्हिन्यों ब्लां तेच काम करते. तिला हिरवट वास असल्यामुळे तळलेला पापलेट किंवा कोथिंबीर-हिरव्या मिरचीचे वाटण लावलेली मासळी तिच्याबरोबर चांगली लागते. लाल वाइन मटणाबरोबर व पांढरी मासळीबरोबर, हा परदेशी पुस्तकातील नियम मात्र आपल्या स्वयंपाकास पुरत नाही. मिरचीचा जाळ मद्यार्काने व तुरटपणाने अधिकच भडकतो. त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर शिराज घेणाऱ्यास ना रश्श्याची चव कळते, ना वाइनची. तेथे किंचित गोडसर शेनिन ब्लां बरी. शिराजला भाजलेले, बेताच्या तिखटाचे सुके मटण शोभते. मांसातील प्रथिने व चरबी यांमुळे तिचा तुरटपणा मऊ होतो. पुरणपोळी किंवा श्रीखंड यांपुढे गोडवा नसलेली कोणतीही वाइन आंबटच लागेल, कारण पदार्थाहून वाइन कमी गोड असता कामा नये. लाल वाइन खोलीच्या तपमानावर द्यावी असे म्हणतात, पण ती खोली युरोपातली! आपल्याकडे उन्हाळ्यात तीही थोडी गार करून, १६ ते १८ अंशांवर घ्यावी.

गिऱ्हाईक ताटाशी जुळणारी वाइन मागते, आणि वाइनरी त्या वाइनला लागणारी जात व तसे आम्ल शेतकऱ्याकडे मागते. या मागणीस ओहोटी लागली म्हणजे काय होते, ते २००८ नंतरच्या मंदीत दिसून आले. वाइनचा खप घटला, माल उचलला जाईना, आणि अनेकांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा भेटतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षास वाइनरीवाचून दुसरे गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच.

म्हणून लेखी करार हाती आल्याशिवाय वाइनच्या जातीचे एकही रोप लावू नये. करार किती वर्षांचा, ब्रिक्स व आम्लाची मर्यादा काय, माल वाइनरीच्या दारात मोजावयाचा की मळ्यात, नाकारलेल्या मालाचे व वाहतुकीचे पैसे कोणी सोसावयाचे, तोडणीचा दिवस कोणी ठरवावयाचा व वाइनरीने तो लांबविल्यास घटलेल्या वजनाची भरपाई आहे काय, ही कलमे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास सहीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावीत.