साखरेवाचून सफरचंदाचा गर

उज्जैनच्या नानाखेड्यात सफरचंदे पिकत नाहीत. ती काश्मीर-हिमाचलाकडून येतात. आजोबांस मधुमेह असल्याने आम्ही यंदा मुरंब्याऐवजी साखरेवाचून गर करावयाचे योजिले.

अर्धा किलो गोड, पिकलेली फळे सोलून, बिया काढून चिरली. चिरताच लिंबू पिळल्याने फोडी काळवंडल्या नाहीत. मग चार चमचे पाणी घालून, झाकण ठेवून त्या मंद आचेवर मऊ शिजविल्या व घोटल्या. फळातील पेक्टिनमुळे गर आपोआप दाटतो. मुरंबा महिनोन्महिने टिकतो तो साखर पाणी धरून ठेवते म्हणून. हा गर मात्र फ्रिजमध्ये ठेवूनही तीन-चार दिवसांत संपवावा.

परंतु शंभर ग्रॅम सफरचंदात सुमारे दहा ग्रॅम साखर मुळातच असते! म्हणून आजोबांना दोनच चमचे मिळाले. ते अजून रुसलेले आहेत.