चाकात दडलेला व्हॉल्व्ह

टाइपरायटर बनवणाऱ्या जर्मन घराण्यातल्या बुर्कार्ड बोवेनझीपेन यांनी ‘बीएमडब्ल्यू १५००’ या मोटारीसाठी जोड-कार्ब्युरेटरचा संच तयार केला. इंजिनाला हवा-इंधनाचं मिश्रण जास्त मिळू लागलं, ताकद वाढली. १९६५मध्ये त्यांनी ‘अल्पिना’ कंपनी काढली. १९८३मध्ये तिला स्वतंत्र वाहन-उत्पादक म्हणून सरकारी मान्यताही मिळाली.

तिच्या गाड्यांत भपका मात्र नव्हता.

अल्पिनाचं गाजलेलं चाकच बघा. वीस बारीक आरे, पण हवा भरायचा व्हॉल्व्ह रिमवर दिसतच नाही. तो मधोमध झाकणाखाली असतो. हवा पोकळ आऱ्यातून टायरमध्ये जाते. चाक भरधाव फिरताना कडेला केंद्रोत्सारी बल सर्वाधिक, केंद्रापाशी नगण्य. त्यामुळे व्हॉल्व्ह सुरक्षित राहतो आणि चाकाचा तोलही ढळत नाही.

२०२२मध्ये बीएमडब्ल्यूने अल्पिना या नावाचे हक्क विकत घेतले.