तबकडी, सीडी आणि तोच आवाज

१९१५नंतरची काही वर्षे एडिसनच्या फोनोग्राफ कंपनीने अमेरिकेत गावोगावी एक जाहीर प्रयोग चालवला होता. रंगमंचावर गायिका उभी, शेजारी कंपनीचे यंत्र. गायिका गाता गाता थांबे आणि तेच गाणे यंत्रातून पुढे चालू राही. कधी दिवे मालवले जात, आणि ते पुन्हा लागले की लोकांना कळे, गायिका मघाशीच निघून गेली आहे! अशा प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस हिने पुढे उतारवयात सांगून टाकले, की आपला आवाज यंत्राच्या आवाजापेक्षा मोठा होणार नाही याची ती काळजी घेत असे.

ग्यानबाची मेख इथेच आहे. दोन आवाज सारख्याच पातळीवर आणले, की त्यांच्यातले बरेचसे अंतर मिटते. पातळीत किंचित फरक ठेवला, की नसलेले अंतर उभे राहते.

घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला रेकॉर्डप्लेअर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर आणि मोबाइल असे चार स्रोत जोडलेले आहेत असे धरू. सीडी प्लेअरमधून पूर्ण जोराचा संकेत साधारण २ व्होल्टचा येतो. कॅसेट डेकचा अर्धा व्होल्टच्या आसपास. एवढ्यानेच १२ डेसिबलचा फरक पडला. रेकॉर्डच्या सुईतून तर जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. ते वाढवायला वेगळा टप्पा लागतो, आणि तो किती वाढवतो यावर पुढचे सगळे अवलंबून. अशा वेळी आवाजाचे बटण न हलवता नुसते स्रोत बदलत गेले, तर आपण माध्यमांची तुलना करत नसतो, व्होल्टेजची करत असतो.

मोठा आवाज नुसता मोठा वाटत नाही, ही यातली फसवी गोष्ट. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की पातळी खाली आली की कानाला खर्ज फार लवकर कमी ऐकू येऊ लागतो. म्हणून थोडा वाढवलेला आवाज ‘भरदार’ लागतो. फरक एका डेसिबलहूनही कमी असेल, तर तो आवाजाचा म्हणून ओळखूच येत नाही. ऐकणारा म्हणतो, ‘हा प्लेअर जास्त स्वच्छ आहे.’ दुकानात महागडे यंत्र विकत घेताना हे लक्षात ठेवलेले बरे.

पातळी जुळवल्यावर दुसरी अट : कोणता स्रोत चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. घरातल्या कोणाला तरी नाणेफेक करून स्रोत बदलायला सांगावे आणि आपण पाठ करून बसावे. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये. नुसत्या अंदाजानेही सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सतरा टक्के असते. नऊ आली, तर मात्र ती एका टक्क्याच्या जवळ येते आणि काही तरी खरोखर ऐकू येते आहे असे मानायला जागा आहे.

पण एल.पी. आणि सीडी यांना हे लागू करायला गेलो, की अडचण येते. सुई टेकताच होणारी खरखर सगळे गुपित फोडते. शिवाय एल.पी.साठी केलेले मास्टरिंग आणि सीडीसाठी केलेले मास्टरिंग बहुधा वेगळे असते. सुई उडू नये म्हणून तबकडीवर खर्ज आणि ‘स’, ‘श’सारखे धारदार वर्ण जपून कोरावे लागतात. उलट १९९०नंतरच्या कित्येक सीडी जास्तीत जास्त मोठ्या वाजाव्यात म्हणून दाबून काढलेल्या आहेत. सीडीत तशी ९६ डेसिबलची ऐसपैस जागा असते; तिचा असा उपयोग व्हावा, हे दुर्दैव.

यातून वाट काढणारा एक साधा प्रयोग आहे. एल.पी. वाजवून ती संगणकावर सीडीच्या मापाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट, उतरवून घ्यावी. मग मूळ तबकडी आणि तिचीच प्रत, पातळी जुळवून आणि न बघता, आलटून पालटून ऐकावी. आता खरखर दोन्हींकडे सारखीच. फरक ओळखता आला नाही, तर ज्याला आपण एल.पी.ची ‘ऊब’ म्हणतो ती प्रतीतही जशीच्या तशी आली, असा अर्थ होतो. म्हणजे ती मास्टरिंगची, सुईची किंवा तबकडीच्या खास दोषांची होती. सीडीला ती पेलत नाही असे नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली याच धर्तीची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. अधिक बारकाईच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या मापाचा टप्पा घातला. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. २०१६ साली राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक अगदीच शून्य नाही, पण भांडण्याइतका मोठाही नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाण्यांच्या बाबतीत मात्र माध्यमावर वाद घालणे मला बरेचसे व्यर्थ वाटते. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. त्यांच्यासारख्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८च्या तबकड्या पुढे एल.पी.वर, कॅसेटवर, सीडीवर आणि आता मोबाइलवर आल्या. या सगळ्या प्रतीच. कोणती प्रत चांगली, हे माध्यम ठरवत नाही. कोणती तबकडी घेतली, ती किती झिजलेली होती, सुई कोणत्या जाडीची होती आणि फिरवली कोणत्या वेगाने, यावर ते ठरते.

वेगाचा मुद्दा तर फारच नाजूक आहे. ‘७८’ हा आकडा नंतर रूढ झाला. सुरुवातीच्या तबकड्या निरनिराळ्या वेगांनी मुद्रित झाल्या. ७४ फेऱ्यांना मुद्रित केलेली तबकडी ७८.२६ फेऱ्यांनी वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी चारमध्ये गाणारा माणूस काळी तीनमध्ये गाऊ लागतो, साडेतीन मिनिटांची चीज अकरा सेकंद आधी संपते, ताना अधिक चपळ वाटतात, गळा कोवळा होतो. एखाद्या गायकाच्या पट्टीविषयी नुसते ध्वनिमुद्रण ऐकून छातीठोक विधाने केली जातात. ती ऐकताना मला आधी वेग विचारावासा वाटतो.

दुसरे संकट खरखर काढण्याचे. संगणकावर एक बटण दाबले की सगळी खरखर जाते. तिच्याबरोबर तंबोऱ्याची झार, ‘स’ची धार आणि दोन शब्दांमधला श्वासही जातो. अशी धुऊन काढलेली प्रत पहिल्यांदा ऐकताना छान वाटते. अर्ध्या तासाने गाणे कापसातून येत असल्यासारखे लागते. आणि गेलेले परत आणता येत नाही.

म्हणून घरातल्या जुन्या तबकड्या उतरवून घ्यायच्या असतील, तर पहिली प्रत काहीही न पुसता करावी. फाइलबरोबर फेऱ्यांचा वेग, सुईची जाडी आणि तबकडीचा क्रमांक लिहून ठेवावा. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि प्रत झाली म्हणून तबकडी रद्दीवाल्याला देऊ नये. पुढे कोणी त्याहून चांगली सुई घेऊन येईल, तेव्हा त्याला ती लागेल.